जुन्या मोटारीचे स्पार्क प्लग

रोग्याला तपासावयास आलेला वैद्य प्रथम जीभ दाखवावयास सांगतो. तिचा रंग आणि तिच्यावरील थर पाहून पोटांतील पुष्कळशी हकीकत त्याला कळते. मोटारीच्या एंजिनालाहि अशी एक जीभ असते. तिला स्पार्क प्लग म्हणतात. जुन्या गाडीसाठीं हे प्लग कसे निवडावे, केव्हां बदलावे आणि बदलतांना कोणती काळजी घ्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं आपल्या ओळखीचीच गाडी घेऊं. मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊं लागली. पुढें तिलाच प्रीमियर पद्मिनी हें नांव मिळालें. तिची निर्मिति या शतकाच्या आरंभीं थांबली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती निघून गेली. तथापि वडिलांची किंवा आजोबांची म्हणून कित्येक घरांनीं ती अद्यापि जपून ठेविली आहे. कारखाना मागें उभा नसल्यामुळें अशा गाडीच्या मालकाला स्वतःच्या ज्ञानावर अधिक विसंबावें लागतें. या गाडीचें एंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटर आकारमानाचें असून त्याचें डोकें, म्हणजे सिलिंडर हेड, ॲल्युमिनियमचें आहे. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें काम पडणार आहे.

प्लगाची रचना साधी आहे. मध्यें धातूची एक काडी, तिच्याभोंवतीं चिनी मातीसारख्या विद्युत्‌रोधक पदार्थाची नळी, आणि बाहेर आटे पाडलेलें पोलादी कवच. या कवचाचें एक टोंक वळून मधल्या काडीसमोर येतें व दोहोंमध्यें लहानशी फट राहते. कॉइलमधून आलेली दहा-वीस हजार व्होल्टची वीज ही फट ओलांडते, ठिणगी पडते आणि पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेट घेतें. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या पाडतो. म्हणजे एका तासांत नव्वद हजार! एवढें काम करणारी काडी झिजली तर नवल नाहीं. तिच्या तीक्ष्ण कडा गोल होतात, फट रुंदावते, आणि ती ओलांडण्यासाठीं अधिकाधिक दाबाची वीज लागते. जुन्या कॉइलला तो भार पेलवत नाहीं. मग पहांटेच्या गारठ्यांत गाडी सुरू होत नाहीं, चढावर अडखळते आणि पेट्रोलहि अधिक पिते.

निवड करतांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, आट्यांचा व्यास. बहुतेक जुन्या गाड्यांत तो १४ मिलिमीटर असतो. दुसरी, आटे असलेल्या भागाची लांबी. १४ मिलिमीटरच्या प्लगांत १२.७ व १९ मिलिमीटर अशा दोन लांबी विशेष आढळतात. आखूड प्लगाच्या जागीं लांब प्लग बसविल्यास त्याचें टोंक आंत डोकावतें आणि दट्ट्यावर किंवा झडपेवर आपटूं शकतें. उलट केल्यास मोकळ्या राहिलेल्या आट्यांत काजळी बसते आणि पुढें योग्य प्लगहि आंत जाईनासा होतो. दुकानदार ‘दोन्ही सारखेच’ म्हणाला तरी जुना प्लग शेजारीं धरून पाहिल्यावांचून नवा घेऊं नये.

तिसरी गोष्ट म्हणजे प्लगाचा उष्णतामान-गुण. प्लगाचें टोंक साधारण ४५० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें म्हणजे त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. परंतु ८५० अंशांच्या पलीकडे तें लाल होऊन ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटवूं लागतें. उष्णता लवकर बाहेर टाकणारा तो थंड प्लग, आणि सावकाश टाकणारा तो गरम प्लग. शहरांतील मंद रहदारींत प्लग काळे होतात म्हणून कित्येक मिस्त्री अधिक गरम प्लग बसवितात. शहरांत त्यानें बरें वाटतें. पण चार माणसें व सामान घेऊन तीच गाडी बोरघाट चढूं लागली, म्हणजे अवेळीं पेटणारें मिश्रण दट्ट्याला भोंक पाडूं शकतें. कारखान्यानें सांगितलेला गुणच ठेवावा आणि काजळीचें मूळ दुसरीकडे शोधावें.

हा गुण आंकड्यानें दाखवितात, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. एनजीके कंपनीच्या प्लगांत आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियनच्या व बॉशच्या आजच्या पद्धतींत मोठा आंकडा म्हणजे गरम प्लग. बॉशच्या जुन्या पद्धतींत मात्र क्रम पुन्हां उलटा होता. आपल्याकडे मायको या नांवानें विकल्या गेलेल्या प्लगांवर १७५, २२५ असे आंकडे असत, त्यांत २२५ हा अधिक थंड. यास्तव आंकड्याला आंकडा जुळवूं नये. गाडीचें पुस्तक किंवा प्लग-कंपनीचा तक्ता पाहावा.

चौथी गोष्ट फट. जुन्या, संपर्कबिंदूंच्या पद्धतीच्या गाड्यांत ती बहुधा ०.५ ते ०.७ मिलिमीटर असते. आजच्या कित्येक गाड्यांत ती बरीच अधिक असते. नवा प्लग डबींतून काढला म्हणजे फट बरोबर आहे असें गृहीत धरूं नये. फीलर गेजच्या पात्यानें ती मोजावी आणि फरक असल्यास केवळ बाहेरचें वांकडें टोंक हलकेच हालवावें. मधल्या काडीवर जोर दिल्यास तिच्याभोंवतींची चिनी माती तडकते.

ज्या साधनानें आपण हें भाषण ऐकत आहां, त्याचाहि या विषयाशीं संबंध आहे. प्रत्येक ठिणगी हें एक लहानसें ध्वनिक्षेपण केंद्रच असतें. म्हणून गाडींतील मध्यम लहरींचा रेडिओ एंजिनाच्या तालावर कडकडतो. त्यावर उपाय म्हणून कांहीं प्लगांत विद्युत्‌रोध बसविलेला असतो. साध्या तांब्याच्या तारा असलेल्या जुन्या गाडींत असा प्लग चालतो. पण तारा किंवा टोप्या आधींच रोधक असतील तर दोन्हींचा रोध मिळून ठिणगी क्षीण होऊं शकते. इरिडियमचे महाग प्लग पुष्कळ टिकतात हें खरें. परंतु ज्या एंजिनाचे प्लग वरचेवर काढून पाहावयाचे, त्याला साधे निकेलचेच पुरेसे आहेत. ते दर पांच हजार किलोमीटरांनीं तपासावे व पंधरा-वीस हजारांच्या सुमारास बदलावे.

आतां बदलण्याची रीत. एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कामास हात घालावा. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढतांना आटेच खरवडून येण्याचें भय असतें. तारांना प्रथम १ ते ४ अशा चिठ्ठ्या बांधाव्या. तार न ओढतां टोपी धरून काढावी. प्लगाभोंवतींची धूळ सायकलच्या पंपानें उडवून द्यावी, नाहींतर ती सरळ सिलिंडरमध्यें पडते. मग प्लगाच्या पान्यानें तो सरळ धरून सैल करावा. नवा प्लग मात्र प्रथम पान्यानें लावूं नये. बोटांनीं, किंवा रबरी नळीचा तुकडा त्याच्या डोक्यावर चढवून तो फिरवावा. आटे तिरके लागले तर नळीच घसरते आणि नुकसान टळतें. वॉशर टेकल्यानंतर डबीवर लिहिल्याप्रमाणें पाव ते अर्धा फेरा पान्यानें द्यावा. जुनाच प्लग परत लावीत असल्यास घड्याळाच्या कांट्याच्या एका तासाएवढा फेरा पुरे. आट्यांना तेल लावूं नये. त्यानें हाताला अंदाज राहत नाहीं व प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. आटे गेले, म्हणजे चार प्लगांच्या किंमतीचें काम सबंध हेड उतरविण्यापर्यंत जातें.

काढलेले प्लग फेंकूं नका. क्रमानें ओळींत मांडून त्यांची जीभ पाहा. टोंक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचें असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. चोक अडकला आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. ओला, तेलकट काळेपणा दिसला तर दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांच्या नळ्या झिजल्या असाव्या. तेथें नवा प्लग हें औषध नव्हे. टोंक पांढरेंफटक आणि फोड आल्यासारखें असेल तर एंजिन अति तापत आहे. चारांपैकीं एकच निराळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरचा समजावा.

या पांढरेपणाकडे आज विशेष लक्ष हवें. फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें, आणि आतां पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलला जळण्यासाठीं हवा कमी लागते. म्हणजे तितक्याच हवेबरोबर इंधन अधिक जावयास पाहिजे. नव्या गाड्या तें प्रमाण आपोआप राखतात. जुन्या कार्बुरेटरला तें कळत नाहीं, आणि मिश्रण पातळ होऊन एंजिन अधिक तापूं शकतें. ही सूचना सर्वांआधीं देतो तो प्लगच. ती मिळतांच जाणत्या कारागिराकडून कार्बुरेटरचा जेट व ठिणगीची वेळ तपासून घ्यावी.

शेवटीं एक इशारा. प्लग बाहेर काढून, तार हातांत धरून ठिणगी पाहण्याची जुनी चाल सोडून द्यावी. तो झटका जबर असतो, आणि उघड्या भोंकांतून येणारी पेट्रोलची वाफ पेटण्यास एकच ठिणगी पुरते. तेवढी परीक्षा कारागिरावर सोपवावी. वर्षांतून दोन वेळां प्लग काढून नीट पाहणें मात्र प्रत्येक मालकाला साधण्यासारखें आहे. चार प्लग, एक पाना, एक पातें आणि अर्धा तास, एवढ्या भांडवलावर घरची जुनी गाडी आणखी पुष्कळ वर्षें रस्त्यावर राहूं शकेल.