चैत्रातली डोंगरवाट

श्रोतेहो, शाळेची सहल म्हटली की आपल्याला दिवाळीनंतरचे दिवस आठवतात. गाडी ठरवायची, रायगड नाहीतर पन्हाळा दाखवायचा, पोरांनी वाटेत गाणी म्हणायची आणि रात्री झोपेनं पेंगत घरी यायचं. ते चांगलेच आहे. पण मुरगूडसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला एक सहल अगदी दाराशी आहे, आणि तिचा मोसम थंडीचा नव्हे, चैत्राचा. आज तिच्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

आमची वेदगंगा गावाजवळून वाहते. तिच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. ही नदी सह्याद्रीत, भुदरगड तालुक्याच्या पश्चिम टोकाकडे उगम पावते, पाटगाव-गारगोटीवरून खाली येते आणि पुढे दूधगंगेला मिळून कृष्णेला जाते. हे भूगोलाच्या तासाला आपण फळ्यावर काढतो. परंतु नदीला उन्हाळ्यात पाणी येते कुठून, हे फळ्यावर दिसत नाही. पावसाळ्यात डोंगरावर जिकडेतिकडे पाणीच पाणी. तेव्हा कळणार काय? चैत्रात सारे कोरडे पडलेले असते, म्हणून जिथे पाणी आहे तिथे ते नेमके उठून दिसते.

आपल्याकडचे बरेच डोंगर म्हणजे खाली काळा कातळ आणि माथ्यावर तांबड्या जांभ्या दगडाचा थर. जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसाचे पाणी तो पिऊन घेतो. ते झिरपत झिरपत खालच्या चिकण थरापर्यंत जाते, तिथे त्याची वाट अडते, आणि मग ते डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. माथ्यावर नव्हे, पायथ्याशी नव्हे, मध्येच एखाद्या ओघळीत हिरवा ठिपका दिसला, की तिथे जांभा संपतो असे खुशाल समजा. पोरांना हा ठिपका शोधायला लावा. पुस्तकातला धडा पायाखाली येतो.

यासाठी सगळ्यांत सोयीची वाट भुदरगडाची. मुरगूडहून मुदाळ तिट्ट्यावरून गारगोटी, आणि तिथून गड दहा-अकरा किलोमीटर. आदल्या रात्री गारगोटीत एखाद्या ओळखीच्या शाळेत मुक्काम करावा आणि उजाडायच्या आत पायी निघावे. येताना मात्र गाडीनेच यावे. मुलांची परीक्षा पाहण्यात शहाणपण नाही. गडावर भैरवनाथाचे देऊळ आहे, दुधाळ रंगाच्या पाण्याचा मोठा तलाव आहे. भक्कम तट पाहायची हौस असेल तर थोडी निराशा होईल. 1844 साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले, ते मोडल्यावर इंग्रजांनी तटबंदी पाडून टाकली. पडक्या तटावर बसून हे सांगितले, तर मुलांना इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही.

वाटेत झाडे पाहावीत. कोशिंबाची कोवळी पालवी लालभडक असते. लांबून पाहणारा ती फुले समजतो. अंजनीच्या फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके लगडलेले असतात. कुंभ्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला दिसतो. करवंदीला पांढरी फुले असतात. काळ्याभोर करवंदांसाठी वैशाखापर्यंत थांबावे लागते. याच फुलोऱ्यावर मधमाश्या जगतात. वेदगंगेच्या वरच्या अंगाचे पाटगाव आज मधाचे गाव म्हणून ओळखले जाते, ते काही उगाच नाही.

आता माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी बावीस पोरे घेऊन याच वाटेला लागलो. निघायला दहा वाजले. मास्तरांचा चहा लवकर संपत नाही, हे त्याचे खरे कारण. प्रत्येकाजवळ एकेक बाटली पाणी. साडेबाराला आम्ही एका उघड्या उतारावर होतो, बाटल्या रिकाम्या, आणि एका मुलाला भोवळ येऊन उलटी झाली. सावलीला झाड म्हणून नाही. खालून वरपर्यंत डोंगर काळा, नुकताच वणवा जाऊन गेलेला. माझे हातपाय गळाले.

तेवढ्यात शेरडे राखणारी एक म्हातारी आली. काही न बोलता तिने पोराला पदराची सावली केली आणि आम्हाला एका ओघळीत नेले. तिथे ओल्या वाळूत हाताने खळगा केला नि म्हणाली, “दम धरा, गुरुजी. येतंय पानी.” दहा मिनिटांत तांब्याभर पाणी साचले. पोराचे तोंड पुसून ते घोटघोट पाजले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. जाताना ती म्हणाली, “पैलं ह्यो झरा मिरगापतोर चालायचा. डोंगूर जळाय लागल्यापासनं पाडव्यालाच जीव सोडतोय.”

श्रोतेहो, तिने जे सांगितले त्यात मोठे शास्त्र आहे. गवत जाळले की कोवळी फूट चांगली येते, असे आपले गुराखी म्हणतात. फूट येते, हे खोटे नाही. पण त्याबरोबर झाडांची रोपे मरतात, पालापाचोळा जातो, जमीन उघडी पडते. मग वळवाचे पाणी आत मुरत नाही, माती घेऊन थेट नदीत जाते. जूनमध्ये वेदगंगा तांबडी होते, त्यात ही मातीही असते. वनात आग लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण त्याआधी तो आपल्याच विहिरीवर घाला आहे. तुमच्यापैकी कोणी विडी ओढत डोंगरातून जात असाल, तर थोटूक विझवून खिशात घाला. मी मुलांना हेच शिकवतो आणि मोठ्यांनाही सांगतो, जरी ते हसतात.

निघताना प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, सुती कपडे, टोपी, भाकरी, ठेचा, कांदा असावा. मधाच्या पोळ्याला दगड मारू नये. दुपारनंतर वळवाचे ढग दाटतात आणि उघड्या सड्यावर विजेचा धोका असतो, म्हणून दोन वाजायच्या आत खाली यावे. लहान मुलांना इतके लांब नेऊ नका. त्यांच्यासाठी मुरगूडचा सर पिराजीराव तलाव पुरे आहे. राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य दाखवायचे असेल, तर वनखात्याला आधी विचारून जावे. गवा दिसलाच, तर लांबूनच नमस्कार.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत एक वही आहे. दरवर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी पोरे त्या ओघळीत जातात, खळग्यात हात घालून पाणी किती बोटे आहे ते मोजतात आणि तारखेसह लिहून ठेवतात. वणवा लागून गेलेल्या दोन वर्षांच्या पानांवर नुसते ‘कोरडा’ असे लिहिलेले आहे. यंदाच्या पानावर आहे : चार बोटे.