पायाच्या आधी पातळी



गावच्या विहाराचे बांधकाम अजून का सुरू झाले नाही, असे आम्हांला बहुतेक वर्गणीदारांनी विचारले आहे. 'जागा आहे, पैसे जमले, मोजणीही झाली; मग पुन्हा सर्व्हेवर खर्च कशाला?' असाही सूर ऐकू येतो. त्याचा खुलासा करण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आपली जागा संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. क्षेत्र ११ गुंठे, म्हणजे सुमारे १,१०० चौरस मीटर. सन २०११ मध्ये भूमी अभिलेख खात्याची मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले आणि आम्ही घाई केली. ठेकेदाराने नजरेने अंदाज बांधला, आम्ही मान डोलावली आणि डोंगराच्या बाजूस चिऱ्याची भिंत उभी केली. पहिल्याच जुलैत ती आडवी झाली. वरून येणाऱ्या पाण्याला आम्ही वाटच ठेवली नव्हती. घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींच्या पन्नास-पन्नास रुपयांच्या पावत्या त्या भिंतीत होत्या. दोष ठेकेदारावर ढकलणे सोपे होते, पण कागदावर सह्या आमच्या होत्या.

मोजणीचा नकाशा जमिनीची हद्द सांगतो. जमीन कुठे उंच, कुठे खोल आणि पाणी कुठून कुठे जाते, हे तो सांगत नाही. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण लागते. इंजिनिअर लोक त्याला टोपो किंवा कंटूर सर्व्हे म्हणतात. समान उंचीच्या ठिकाणांवरून रेषा काढतात. रेषा दाटीने आल्या तर चढ उभा, विरळ असल्या तर जमीन सपाट. शाळेच्या भूगोलात हे आपण सर्वच शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो.

आपल्या पूर्वजांना मात्र याचा विसर पडला नव्हता. कान्हेरीला सहलीला जाता तेव्हा लेण्यांशेजारच्या पाण्याच्या टाक्या, म्हणजे शिलालेखांतल्या 'पोढी', आणि कातळात कोरलेल्या पन्हळी जरूर पाहा. डोंगरावरचे पाणी कसे उतरते हे ओळखूनच त्या खोदल्या आहेत. बाबासाहेबांचेही उदाहरण घ्या. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ३ जानेवारी १९४५ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यात परिषद भरली, व्हुरडुइन या तज्ज्ञाचा प्राथमिक आराखडा आला, महामंडळ १९४८ मध्ये झाले आणि तिलैयाचे पहिले धरण १९५३ मध्ये. आधी अभ्यास, मग बांधकाम. आमची भिंत नेमकी उलट दिशेने गेली.

यंदा काम देताना आम्ही तीन दरपत्रके मागवली आणि काय हवे ते लेखी कळवले. बँकेत जन्म गेल्याने तोंडी व्यवहार आम्हांला मानवत नाही! दर पाच मीटरला पातळी घ्यावी. रेषा अर्ध्या मीटरच्या अंतराने काढाव्यात. विहीर, झाडे, विजेचे खांब, रस्त्याची पातळी आणि खालच्या पऱ्याचा तळ दाखवावा. हद्दीच्या दगडांशी मेळ घालून द्यावा. आणि हद्दीवर न थांबता डोंगराच्या बाजूस आणखी दहा मीटर मोजावे. या शेवटच्या अटीवर एकाने जादा पैसे मागितले. ते आम्ही मान्य केले, कारण भिंत पाडणारे पाणी आपल्या अकरा गुंठ्यांत उगम पावले नव्हते.

दिवाळीनंतर गवत कापून घेतले आणि टोटल स्टेशन यंत्र लागले. दोन दिवसांत काम झाले. पण यंत्राला कोरड्या दिवसांत पावसाचे पाणी कसे दिसणार? शेजारच्या एक वृद्ध आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "पऱ्या भरला की पानी हितवर येतंय." त्यांनी काठी रोवली त्या जागेचीही पातळी घ्यायला लावली. सर्व्हेअर तरुण होता. आधी हसला, मग मुकाट्याने घेतली.

नकाशा हाती आला तेव्हा आम्ही वरमलो. जी जागा आम्ही सपाट म्हणत होतो, तिच्या दोन कोपऱ्यांत तीन मीटरहून अधिक फरक निघाला. सभागृह आम्ही आखले होते ते बरोबर आजींच्या काठीच्या खालच्या अंगाला. आता ते वरच्या सपाटीवर सरकवले आहे. डोंगराच्या बाजूने पाण्याचा चर निघेल आणि भरावही बराच वाचेल. या सर्वेक्षणाचा खर्च पडलेल्या भिंतीच्या चौथाईइतकाही आला नाही. हिशेब पाहायचा असल्यास वही आमच्याकडे आहे.

एक विनंती. विहिरीशेजारच्या कातळावर लाल रंगाचे चिन्ह आहे. जोत्याची पातळी त्यावरूनच धरायची आहे. बुद्धपौर्णिमेला गावी जाणाऱ्या उत्साही तरुणांनी सगळीकडे चुना मारावा, पण तेवढा कातळ सोडावा.

जयभीम.