जंबुपार किरण व त्यांचे दिवे

इंद्रधनुष्याचा जांभळा पट्टा संपला तरी किरण संपत नाहींत. त्यापलीकडील अदृश्य जंबुपार किरण योहान रिटर यांनीं १८०१ सालीं शोधिले. त्यांचे तीन वर्ग आहेत : ‘अ’ ४०० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, ‘ब’ ३१५ ते २८० व ‘क’ त्याखालील.

‘ब्लॅक लाइट’ दिवा सुमारें ३६५ नॅनोमीटरचे ‘अ’ किरण देतो. क्विनीनचे रेणु ते शोषितात, कांहीं शक्ति उष्णतेंत गमावितात व उरलेली निळ्या प्रकाशरूपानें परत करितात. स्टोक्स यांनीं १८५२ सालीं अभ्यासिलेलें हेंच अनुस्फुरण. चलनी नोटांची पारखही याच गुणाच्या साह्यानें होते.

मात्र जंतुनाशक दिव्याचे २५४ नॅनोमीटरचे ‘क’ किरण डोळे व कातडी पोळतात. दोहोंचाही दिसणारा उजेड फिकाच. म्हणून उजेडावर न जातां दिव्यावरील आंकडा वाचावा, हेंच शहाणपण.