यादी कोठून आली?

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तालीमचे महत्त्व या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते. ते आपणांस ठाऊक नसते तर मजुरीचा दिवस बुडवून आपण येथे आलाच नसता. म्हणून मी आज एका रुक्ष विषयावर बोलणार आहे. शाळेच्या संगणकात आपल्या मुलांची जी यादी असते, ती कोठून येते आणि कोठे चुकते?

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पण ज्याची बोटे कळफलकावर चालतात त्याच्या गळ्यात याद्यांचे काम पडते, तसे ते माझ्याही पडले.

महाराष्ट्रात 2015 साली ‘सरल’ ही विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रणाली सुरू झाली. तीत प्रत्येक मुलाला 19 अंकी क्रमांक मिळाला. पहिले 4 अंक वर्षाचे, पुढचे 11 अंक शाळेच्या यू-डायस क्रमांकाचे (आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तो 2704 ने सुरू होतो) आणि शेवटचे 4 अंक त्या मुलाचे. आता एक्सेलची करामत ऐका. ते कोणत्याही संख्येचे पहिले 15 अंकच जपते, त्यापुढे शून्ये मांडते. 4 आणि 11 मिळून 15 होतात. म्हणजे वर्ष राहिले, शाळा राहिली आणि मूल तेवढे पुसले गेले! त्या वर्षी नोंदलेल्या सगळ्या मुलांचा क्रमांक एकच. पडद्यावर त्याची सूचना येईलच असे नाही. बँकेच्या खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्यही असेच गळते. उपाय सोपा आहे. यादी आत घेतानाच त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’, म्हणजे अक्षरे, असा ठरवायचा. नंतर ठरवून गेलेले अंक परत येत नाहीत.

ही झाली लहान चूक. मोठी चूक माझ्याच हातून घडली, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. शिष्यवृत्तीची यादी दरवर्षी नव्याने टंकित करावी लागू नये म्हणून मी ती खात्यांच्या फाइलीला जोडून ठेवली होती. ‘रिफ्रेश’ दाबले की मूळ फाइलीतील मजकूर यादीत उतरतो, अशी ती सोय. नव्या वर्षी कारकुनाने दुरुस्त फाइल पेनड्राइव्हवर आणून दिली. मी रिफ्रेश दाबले, यादी भरली, आणि मी ती पाठवून दिली. पण जोडणी होती संगणकातच पडून असलेल्या गेल्या वर्षीच्या फाइलीशी! आठवीतल्या एका मुलीचे खाते मधल्या काळात बंद होऊन दुसऱ्या बँकेत उघडले होते. तिची रक्कम परत गेली. तिचे वडील तीन वेळा शाळेत आले. तिसऱ्या वेळी ते काहीच बोलले नाहीत, नुसते बाकावर बसून राहिले.

तुटलेली जोडणी निदान ओरडते. फाइल सापडत नाही असे ती स्पष्ट सांगते. पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावला आणि त्याचे अक्षर बदलले, किंवा कोणी फाइलीचे नाव बदलले, की असे होते. मग ‘डेटा सोर्स सेटिंग्ज’मध्ये जाऊन नवा पत्ता द्यावा लागतो. खरी भीती आहे ती जुन्या फाइलीला चिकटून मुकाट चालणाऱ्या जोडणीची. बखर हाती घेतली की आधी विचारावे, ही नक्कल कोणत्या प्रतीवरून उतरली? हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत होतो आणि स्वतःच्या टेबलावर विसरलो. आता मी एकच मूळ फाइल एका ठरलेल्या जागी ठेवतो, जुनी दुसरीकडे हलवतो, आणि रिफ्रेश केल्यावर नव्या प्रवेशाचे एक नाव व शाळा सोडून गेलेले एक नाव शोधून पाहतो. पहिले सापडले पाहिजे, दुसरे सापडता कामा नये.

हे खेड्यातच घडते असे समजू नका. 2020 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये उघडकीस आले की कोरोनाच्या 15,841 बाधितांची नोंद आकडेवारीतून सुटली होती. प्रयोगशाळांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारात उतरवल्या जात होत्या. त्यात 65,536 ओळीच मावतात. उरलेली माणसे काठावरून सांडली, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर सावध करता आले नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती नावांची. आपल्या वऱ्हाडात ‘शेख सलीम शेख करीम’ असे नाव लिहितात. यातले आडनाव कोणत्या रकान्यात घालायचे, मुलाचे नाव कोणते, वडिलांचे कोणते? शाळेत एक लिहिले जाते, आधारवर ‘सलीम शेख करीम’ असते, आणि इंग्रजीत शेख दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. माणसाला कळते की मुलगा एकच आहे. संगणकाला ती दोन मुले वाटतात. म्हणून दोन याद्या जोडताना मी नावावर कधीच विसंबत नाही, क्रमांकावरच जोडतो. मित्रांनो, तुमच्यापैकी जे पुढे कार्यालयात, बँकेत किंवा दुकानात याद्या सांभाळतील त्यांनी हे आजच वहीत टिपून घ्यावे.

आणि पालकांनो, या सगळ्या फाइलींच्या मुळाशी कागदाची एक जाड वही आहे, दाखल-खारीज रजिस्टर. तेथे चुकलेले अक्षर पुढच्या प्रत्येक यादीत इमानाने उतरत जाते. प्रवेशाला येताना जन्मदाखला, आधार आणि पासबुक मूळ स्वरूपात आणा. रजिस्टरातील आपल्या मुलाची ओळ समोर बसून वाचून घ्या. वाचता येत नसेल तर थोरल्या मुलीला सोबत आणा, तिला वाचू द्या. चूक त्याच दिवशी सांगितली तर तेथल्या तेथे मिटते. पुढे तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जाते, आणि मलकापूर किंवा लोणारहून बुलढाण्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी.