लाडाचे नाव



‘स्वीटहार्ट’ म्हणजे जिवलग, लाडकी. इंग्रजीतला हा नेहमीचा प्रेमाचा शब्द जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांनी एका बाईला कायमचा चिकटवला. मूकपटांतील नटी मेरी पिकफर्ड ही ‘अमेरिकेची स्वीटहार्ट’. गंमत अशी की, तिचा जन्म १८९२ सालचा, कॅनडातील टोरांटोचा!

वडील लवकर वारले, म्हणून लहानपणापासून रंगभूमीवर राबून तिने घराला हातभार लावला. १९१६ साली आठवड्याला १०,००० डॉलर आणि नफ्यात वाटा, असा करार तिने करून घेतला. १९१९ मध्ये चॅप्लिन, फेअरबँक्स व ग्रिफिथ यांच्या बरोबरीने ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ कंपनी काढली. पण मथळ्यात मात्र ती ‘लाडकी’च! आणि लाडकीने मोठे होऊ नये, ही लोकांची हौस. १९२० च्या ‘पॉलिअ‍ॅना’त २७ वर्षांच्या या बाईला अल्लड पोर व्हावे लागले. १९२८ साली तिने आपले कुरळे केस कापले, तर त्याचीच मोठी बातमी झाली.

भगिनींनो, लाडाचा शब्द वाईट असे मी म्हणत नाही. घरात तो गोडच लागतो. परंतु छापील कागदावर तो कर्तृत्वाच्या जागी बसला, की बाईचे काम झाकले जाते. म्हणून मंडळाचा वृत्तांत लिहिताना ‘आमच्या लाडक्या माई’ एवढ्यावर थांबू नका. माईंनी काय केले, किती वर्षे केले, हिशेब कसा सांभाळला, तेही लिहा. पुढच्या मुलींना तीच शिदोरी उपयोगी पडेल.