वाहनतळावरील कॅमेरे आणि मनाचा निर्धास्तपणा
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले निवेदन)



अहवाल वर्षात आपल्या देणग्यांतून वाहनतळावर सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्यात आले. हा खर्च सत्कारणी लागला काय, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

उपराजधानीस कॅमेरे नवे नाहीत. स्मार्ट सिटी प्रकल्पांतर्गत शहरात सुमारे 700 ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे बसविण्यात आले. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात घडलेल्या भीषण घटनेनंतर आवाराच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशातील सर्वच रुग्णालयांपुढे उभा राहिला.

वेल्श व फॅरिंग्टन या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, कॅमेऱ्यांमुळे वाहनतळांवरील गुन्हे सुमारे निम्म्याने घटले. मात्र तेथे बहुधा चांगली दिवाबत्ती आणि पहारेकरी यांचीही जोड होती. ब्रिटनच्या गृहखात्यासाठी 2005 मध्ये झालेल्या मूल्यमापनात तर कॅमेऱ्यांमुळे लोकांची भीती फारशी कमी झाल्याचे दिसले नाही.

आपला अनुभवही असाच आहे. भंडारा जिल्ह्यातून आईला उपचारांसाठी आणलेल्या एका तरुणाची मोटारसायकल पहाटे चोरीस गेली. चोर चित्रणात दिसला. परंतु त्या क्षणी पडद्यासमोर कोणीही नव्हते. ही उणीव आमची आहे आणि ती मी मान्य करतो. रात्रपाळीच्या एका परिचारिका भगिनीने मला विचारले, "सर, कॅमेरा बघतो, पण हाक मारली तर धावून येईल का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते. यंत्राचा खर्च एकदाच होतो आणि त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. पहारेकऱ्याचे वेतन दरमहा द्यावे लागते आणि त्यावर कोणाचीच पाटी लागत नाही.

म्हणून येत्या वर्षी नवे कॅमेरे न घेता मागील बाजूच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत दिवे, रात्रभर फिरता पहारा आणि पडद्यासमोर एक जागता कर्मचारी, अशी व्यवस्था करण्याचा प्रस्ताव मी आपल्यापुढे ठेवीत आहे. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आप्ताला बाहेरच्या वाहनाची आणि घरी निघालेल्या परिचारिकेला वाटेतील अंधाराची चिंता राहू नये, एवढीच यामागील भावना आहे. पाटी नसलेल्या या कार्यासही आपला उदार हात लाभावा, ही नम्र विनंती.