मिश्री आणि गर्भांतील बाळ

गरोदर स्त्रीनें धूम्रपान करूं नये, हें सुशिक्षित घरांत आतां सर्वमान्य आहे. परंतु आपल्याकडील स्त्रिया विडी ओढीत नाहींत, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असें श्रोत्यांनीं समजूं नये. बीड जिल्ह्यांतील सिरसाळ्याचें माहेर असो कीं मुंबईंतील चाळ असो, तंबाखू धुरावांचूनहि बाळापर्यंत पोंचते.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड दांतांस व हिरड्यांस चोळतात, हीच मिश्री. तिला व्यसन कोण म्हणतो? तें दांत घासणें! त्यामुळें दवाखान्यांत "तंबाखू घेतां कां?" असें विचारलें असतां सून निःशंकपणें "नाहीं" म्हणते.

पण तंबाखूंतील निकोटीन हिरड्यांतून रक्तांत उतरतें व वारेंतून गर्भापर्यंत जातें. त्यानें रक्तवाहिन्या आकुंचित होऊन बाळाच्या पोषणांत उणीव येते. प्रसूतीनंतर तें अंगावरच्या दुधांतहि उतरतें.

मुंबईंतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी डॉ. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली. तींत तंबाखू सेवन करणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिश्रीच लावीत. या स्त्रियांचीं बाळें सरासरी १०५ ग्रॅमनें हलकीं भरलीं व सुमारें सहा दिवस आधीं जन्मलीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष याहून दारुण आहे: तंबाखू न घेणाऱ्यांत शेंकडा सुमारें तीन बाळें मृत जन्मलीं, घेणाऱ्यांत सुमारें नऊ.

१०५ ग्रॅम म्हणजे मूठभर वजन खरें. परंतु जें बाळ मुळांतच अडीच किलोहून कमी भरावयाचें, त्याला तेवढीहि तूट सोसत नाहीं. तें लवकर गारठतें, दूध जोरानें ओढीत नाहीं, आणि रोगास चटकन् बळी पडतें.

दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारनें १९९२ सालीं मनाई केली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोंचणार? तेथें घरच्याच माणसांनीं पोंचलें पाहिजे. प्रश्न विचारावयाचा तो "मिश्री लावतां कां?" असाच, आणि तोहि रागें न भरतां. सासूनें किंवा आईनें आपली डबी आधीं दूर ठेवावी, म्हणजे लेकीसुनेस ती सोडणें सोपें जाईल. शहरांतील गृहिणीनें घरीं कामास येणाऱ्या गरोदर बाईसहि हें आपुलकीनें सांगावें. डोहाळे पुरविणाऱ्या घराला एवढें खचित जड नाहीं.